निळा रंग कापडात मुरेना

"डब्यावर तुमच्या कंपनीचं नाव आहे, पण आतला रंग तुमचा नाही," असं म्हणून चित्रकार निगुडकरांनी डबा माझ्या पायाशी ठेवला आणि ते पुन्हा कापडाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

कापड जमिनीवर पसरलेलं होतं. बारा फूट लांब, आठ फूट रुंद. त्यावर निळ्या रंगाची चार-पाच तळी साचली होती. रंग ओतून दोन दिवस झाले होते. वर दुधावर धरावी तशी साय आली होती आणि बोटानं दाबलं की खालचा रंग अजून हलत होता. निगुडकर त्या तळ्यांकडे बघत होते. रागानं नव्हे. रागावून झालेलं असावं.

विंझरला रस्त्याच्या कडेला भाताचं एक जुनं गोदाम होतं, ते त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. पुण्याहून एस.टी.नं नसरापूर फाट्यावर उतरून, दुसऱ्या गाडीची वाट बघत दोन तास घालवून मी तिथे पोचलो होतो. एप्रिल महिना होता. पत्रा तापला होता आणि आत टर्पेंटाइनच्या वासाखाली भाताच्या कोंड्याचा वास होता.

मी मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यात टेक्निकल ऑफिसर होतो. हुद्दा मोठा वाटतो. काम असं की तक्रार आली की बॅग उचलायची, गिऱ्हाइकाकडे जायचं आणि चूक त्याचीच कशी आहे ते सभ्य भाषेत लिहून आणायचं. भिंत ओली होती, लोखंडावरचा गंज काढला नव्हता, ब्रश रॉकेलात बुडवला होता. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

या वेळी प्रकार उलटा झाला होता. मी निघण्याआधीच कंपनीनं चूक कबूल केली होती. कारण तक्रार निगुडकरांच्या हातची असली तरी ती आमच्या एका डायरेक्टरसाहेबांच्या पत्रासोबत आली होती. साहेबांना कलेची आवड होती. मुंबईत भरायच्या एका चित्रप्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते, आणि निगुडकरांचं मोठं चित्र त्या प्रदर्शनात समोरच्या भिंतीवर लागावं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. अशा माणसाच्या चित्रकाराला रंग वाईट लागला, तर रंग वाईटच असणार. दुसऱ्या दिवशी काशिनाथ पवारला सस्पेंड केल्याची नोटीस गेटवरच्या बोर्डावर लागली.

काशिनाथ आमचा केटलमन. म्हणजे काय ते सांगतो. तेलाचा रंग म्हणजे तेलात कालवलेली भुकटी, एवढीच लोकांची समजूत असते. पण चकचकीत एनॅमल रंगासाठी आधी व्हार्निश शिजवावं लागतं. मोठ्या कढईत तेल आणि राळ तापवायची, तास न् तास. ती कढई म्हणजे केटल. व्हार्निश कधी उतरवायचं हे आमच्याकडे थर्मामीटरही सांगायचा, पण शेवटचा शब्द काशिनाथचा असायचा. तो काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, गार करायचा, अंगठा आणि बोट यांत धरून तार काढायचा. आपल्याकडे गुळाचा पाक बघतात तसंच. तार आखूड तर व्हार्निश कच्चं. फार लांब गेली तर जास्त शिजलं, घट्ट झालं. घट्ट व्हार्निशाचा रंग वर बसून राहतो, आत मुरत नाही. निगुडकरांची तक्रार नेमकी हीच होती. रंग कापडात मुरत नाही. म्हणजे काशिनाथनं व्हार्निश जास्त शिजवलं. हिशेब सोपा होता, आणि सोपा होता म्हणूनच तो सगळ्यांना पटला.

निघण्याआधी मॅनेजर कामतांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"लेले, रिपोर्ट काय येणार ते आपल्याला माहीत आहे. दोन पानं भरतील एवढं बघून या."

"मग मी जाऊ कशाला?"

"माणूस पाठवला होता, असं डायरेक्टरसाहेबांना सांगता येईल."

मी गप्प बसलो. गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक होतं आणि कामतांनाही. प्रत्येक बॅचबरोबर एक कार्ड असतं. बॅच म्हणजे एका वेळी तयार झालेला सगळा माल. त्या निळ्या बॅचच्या कार्डावर 'पास' असा शिक्का होता आणि त्याखाली माझी सही. बॅच वाईट असेल तर ती वाईट करणारा काशिनाथ आणि ती सोडणारा मी. बोर्डावर नाव मात्र एकट्या काशिनाथचं लागलं. अठरा वर्षं केटलवर उभा राहिलेला माणूस जेवणाचा डबा घेऊन घरी गेला आणि मी माझ्या टेबलावर बसून राहिलो.

असो. विंझरला येऊ.

खरं सांगायचं तर मी तिथे थोडा कुत्सितपणा सोबत घेऊनच गेलो होतो. माणूस दोन वर्षं न्यूयॉर्कला राहून आलेला. जमिनीवर कापड पसरून त्यावर घरादाराला लावायचा रंग ओततो, आणि डायरेक्टर त्याला भिंत देतो. मला वाटलं होतं, लांब केस असतील, बोलताना हवेत हात फिरतील. प्रत्यक्षात निगुडकर चाळिशीचे, काटकुळे, भोरचेच. अंगात जुनी खाकी अर्धी चड्डी, पाय अनवाणी. टेबलावर वही होती. वहीत लिहिलेलं: एक वाटी रंग, तीन वाट्या टर्पेंटाइन, किती वाजता ओतला, किती वेळात आत गेला, कडेला तेलाचं वर्तुळ किती बोटं सुटलं. इतकी नीट वही आमच्या लॅबोरेटरीतही एकाच माणसाची होती, आणि तो नोकरी सोडून गेला होता.

मी विचारलं, ते सांगत गेले. तिकडचे काही चित्रकार नळीतला रंग वापरत नाहीत. तो लोण्यासारखा असतो, वाहत नाही. ते घराचा एनॅमल डब्यातून काठीवर घेतात आणि काठी कापडाला न टेकवता वरून धार सोडतात. हात चालेल तशी रेघ पडते. उभ्या कापडावर धार ओघळेल, म्हणून कापड जमिनीवर. मग चारी बाजूंनी फिरता येतं, त्यात उभंही राहता येतं. दुसरे काही जण रंगात टर्पेंटाइन घालून तो पाण्यासारखा पातळ करतात आणि कोऱ्या कापडावर ओततात. कोरं म्हणजे ज्यावर सरस किंवा पांढरा लेप दिलेला नाही असं. मग रंग कापडाच्या वर राहत नाही, धाग्यात जातो. चकाकी राहत नाही. रंग लावलेला दिसत नाही, कापडच त्या रंगाचं आहे असं दिसतं.

निगुडकर दोन्ही करत. आधी निळा मुरवायचा, तो वाळला की त्यावर काळ्याची धार. मधेच नदीची वाळू आणि बांगडीच्या काचेचा चुरा. खाली निळा मुरलेला नसेल तर वरच्या काळ्याला अर्थ नाही, असं ते म्हणाले. "काळा मग नुसता चिखल होतो."

मी माझं कर्तव्य म्हणून सांगितलं की कोऱ्या कापडात तेल गेलं की ते हळूहळू कापड खातं. म्हणून तर आधी सरस द्यायची पद्धत आहे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पन्नास वर्षांनी कुजेल. तोवर ज्याला बघायचं तो बघून घेईल."

मी आमच्या धंद्यात टिकाऊपणा विकत होतो. 

प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. तीन कापडं वाया गेली होती. पहिलं गेलं तेव्हा त्यांना वाटलं टर्पेंटाइन कमी पडलं. दुसऱ्याला दुप्पट घातलं. तिसरं हे समोरचं. पूर्वीच्या डब्यातला हाच निळा रंग पाच मिनिटांत आत जायचा, ती वेळही वहीत होती. नवीन डब्यांतला जात नव्हता. बदललं काय, तर डबा. दुसरं कापड गेलं तेव्हाच त्यांनी डायरेक्टरना तसं लिहिलं होतं.

"जुना डबा आहे का?" मी विचारलं.

होता. तळाशी दोन वाट्या रंग शिल्लक होता.

माझ्या बॅगेत एक पितळी कप असायचा. त्याच्या तळाला ठरावीक मापाचं भोक असतं. कप भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि रंग किती सेकंदांत गळून जातो ते घड्याळावर बघायचं. रंग घट्ट असेल तर वेळ जास्त. जुना रंग घातला, मोजला. कप पुसला, नवीन घातला. दोन सेकंदांचा फरक. दोन सेकंद म्हणजे माझ्या बोटाची चूक. मी तीनदा मोजलं. तिसऱ्या वेळी दोन्ही सारखे आले.

रंग घट्ट नव्हता. काशिनाथनं व्हार्निश बरोबर उतरवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण हे मोजमाप मुंबईत बसून करता आलं असतं. माझ्या टेबलाशेजारच्या कपाटात जुन्या बॅचचा नमुना होता. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

"मग मुरत का नाही?" निगुडकर म्हणाले.

मी खिशातला रुमाल काढून जमिनीवर पसरला. वहीतल्या मापानं दोन्ही रंग पातळ केले आणि एकेक चमचा ओतला. दोन्ही डाग बघता बघता आत गेले. मग तेच दोन्ही रंग त्यांच्या कापडाच्या कोऱ्या कोपऱ्यावर ओतले. दोन्ही वर पसरले, चकाकले आणि उताराच्या बाजूला सरकून एकमेकांत मिसळले. जुनाही मुरला नाही.

"रंगाचा प्रश्न नाही," मी म्हटलं. "कापडाचा आहे."

"कापड त्याच गिरणीचं आहे. त्याच नंबरचं. मी गिरणीचं कापड तसंच वापरत नाही, ते धुऊन घेतो. त्याला गिरणीची खळ असते, ती काढावीच लागते. हेही धुतलंय."

"कुणी धुतलं?"

"धोंडाबाईनं. दर वेळी तीच धुते."

बोलता बोलता ते मागे सरकले आणि त्यांचा पाय काचेच्या चुऱ्यावर पडला. त्यांना सवय होती. ते स्टुलावर बसले, तळव्यातला तुकडा नखानं काढला आणि टेबलावरची टिंक्चर आयोडीनची बाटली उचलली. बाटली अर्धी संपलेली होती, यावरून त्यांच्या चित्रकलेची कल्पना यावी. जखमेवर ओतताना दोन-तीन थेंब खाली कापडाच्या कडेवर पडले.

तपकिरी थेंब पडले आणि माझ्या डोळ्यांदेखत निळे-काळे झाले.

मी बाटली त्यांच्या हातातून घेतली. एक थेंब माझ्या रुमालावर टाकला. तपकिरीच राहिला. एक थेंब कापडाच्या दुसऱ्या टोकाला टाकला. काळा. तिसरा मधोमध. काळा. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून दाखवतात, तेच हे. पिठूळ पदार्थ असेल तिथे आयोडीन काळं पडतं. या कापडाच्या धाग्याधाग्यात पीठ भरलेलं होतं. रंगाला आत शिरायला जागाच नव्हती.

निगुडकरांनी वाकून एका काळ्या ठिपक्यावर बोट फिरवलं. मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "मावशी, जरा आत या."

धोंडाबाई साठीच्या घरातली. पालीच्या वर डोंगरात धनगरवाडा होता, तिथली. नवरा घोंगड्या विणायचा. मेंढरं थोरल्या लेकाकडे सोपवून दोघं म्हातारा-म्हातारी गोदामाच्या पडवीत राहायला आली होती. गोदामाची राखण, झाडलोट आणि कापड धुणं तिच्याकडे होतं. ती आत आली, तिनं जमिनीवरच्या रंगाला वळसा घातला आणि खांबाजवळ उभी राहिली.

"मावशी, कापड धुतलं होतंत ना नीट?"

"म्हंजी?" तिचा चेहरा उतरला. "दोन येळा धुतलं की. डोहावर न्हेऊन बडवलं. मग हितं आनून ऊन पान्यात बुडवलं. हाताची सालं निघाली माज्या. इचारा आमच्या मालकास्नी."

"तसं नव्हे. पण यात खळ राहिलीय. हे साहेब म्हणतात."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होती, गिरणीची खळ मुंबईच्या माणसालाच कळते म्हणायची.

"ऱ्हायली न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाईल कशी? गिरनीची समदी काडली. ही म्या लावली."

 निगुडकरांनी हळू विचारलं, "कधी?"

"तुमी ममईला गेलाता तवा. धुतल्यावर त्या कापडाचा जीवच ग्येला वो. हातात धरवंना. असं उगडंनागडं कापड कुनी वापरतं व्हय? आमच्यात घोंगडीचा ताना बी खळ लावल्याबिगर मागाव चढत न्हाई. मालकास्नी म्हनलं, दादा येवडं मोटं काम काडनार, ते ममईला जानार, आन कापड ह्ये असं. त्येला घरात सांगनारं बी कुनी न्हाई. मंग चिंचोकं भिजवलं, वाटलं, त्यात तांदळाची प्येज घातली. दोगांनी मिळून कुंच्यानं लावली. उन्हात तानून वाळवली. आक्खा तागा." ती थांबली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. "का वो? नीट न्हाई लागली व्हय?"

मी वाकून कापड उजेडात धरलं. आयुष्यभर मी लेप तपासत आलो आहे. कुठे गुठळी नाही, कुठे कुंच्याचा पट्टा नाही, एक जागा सुटलेली नाही. बारा फुटांवर इतका एकसारखा हात मी मशीनचाही क्वचित पाहिला होता.

निगुडकरांच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही. तीन कापडं गेली होती, उरलेल्या ताग्यालाही खळ लागली होती. ते स्टुलावरून उठले, लंगडत तिच्याजवळ गेले.

"चांगली लागलीय, मावशी," ते म्हणाले. "फार चांगली लागलीय. मला दुसऱ्या तऱ्हेनं हवी होती, ते मी सांगितलं नव्हतं."

आता माझं काम उरलं होतं. मी त्यांना म्हटलं की मला एक पत्र हवं. माझा रिपोर्ट कामत वाचतील आणि ड्रॉवरमध्ये ठेवतील. डायरेक्टरसाहेब फक्त तुमचा शब्द मानतील. रंग निर्दोष आहे असं तुम्ही लिहून द्या.

"त्याची काय गरज? रंग चांगला आहे, मला कळलं. मी तक्रार मागे घेतो म्हणून कळवीन सावकाश."

"सावकाश नको. तुमच्या तक्रारीवरून आमचा एक माणूस घरी बसलाय. आज नऊ दिवस."

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी फक्त रंगाचा दर्जा घसरला असं लिहिलं होतं. त्यांच्या पत्रातल्या एका ओळीला तिकडे हातपाय फुटले आणि ती कुणाच्या तरी घरी जाऊन बसली, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी काशिनाथचं सांगितलं, केटल म्हणजे काय ते सांगितलं, तार कशी बघतात ते सांगितलं. त्यांनी कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

"लिहू काय? सहा वर्षं आर्ट स्कूल, दोन वर्षं परदेश, आणि खळ दिलेलं कापड मला हाताला ओळखू आलं नाही? जरा ताठ लागलं होतं, लेले. मला वाटलं, गिरणीचा माल बदलला असेल. हे पत्र वाचणारे साहेबच प्रदर्शनाचे अध्यक्ष आहेत. तीन आठवड्यांवर आलंय."

मी पितळी कप पुसून बॅगेत ठेवला.

"गिरणीचं नाव घालू या का? कापडात दोष होता एवढंच. तेही खोटं नाही."

"गिरणीतही एक काशिनाथ असेल," मी म्हटलं.

हे वाक्य मी मोठ्या नैतिक अधिकारानं बोललो असं कुणाला वाटू नये. ज्या माणसानं स्वतः नऊ दिवस तोंड उघडलं नव्हतं, त्याला दुसऱ्याच्या तोंडातून सत्य काढायला फारसं कठीण जात नाही.

धोंडाबाई खांबाजवळच उभी होती. आमचं बोलणं तिला अर्धंच कळलं असेल, पण नेमकं अर्धं कळलं होतं.

"कुनाची चाकरी ग्येली व्हय, सायेब?"

"गेली नाही अजून. जाईल."

"काय करतो त्यो?"

"रंगाचं तेल शिजवतो."

"माज्या खळीपायी?"

 ती पुढे आली, टेबलाजवळ बसली आणि तिनं उजव्या हाताचा अंगठा निगुडकरांपुढे धरला. अंगठ्याला निळा रंग लागलेलाच होता.

"माजं नाव घाला, दादा. धोंडाबाई, धनगरवाडा, पाली. म्या लावली म्हनून लिवा. अंगठा घ्या."

"तुमचं नाव नाही यायचं यात," निगुडकर म्हणाले आणि लिहायला लागले. चार वाक्यं लिहिली. रंग निर्दोष आहे. कापडाला खळ दिलेली होती. वापरण्याआधी कापड तपासणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही. खाली सही. त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मला नव्हे, तिला. तिनं ऐकलं आणि आपलं नाव त्यात नाही हे तिला फारसं आवडलेलं दिसलं नाही.

मी परतलो. पत्र आणि मोजमापं कामतांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "फारच सरळ लिहिलंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी ही तक्रार होती.

पत्र वर गेलं आणि दुसऱ्या दिवशी खाली आलं. डायरेक्टरसाहेबांना ते अतिशय आवडलं होतं. कलावंत मनाचे किती मोठे असतात, असं ते म्हणाल्याचं कामतांनी सांगितलं. एका गरीब कामगाराची नोकरी वाचावी म्हणून या माणसानं दोष स्वतःवर घेतला. साहेबांनी लगेच हुकूम दिला. बोर्डावर जुन्या नोटिशीशेजारी नवी लागली: कलावंतांच्या उदार विनंतीवरून काशिनाथ पवार यास या वेळेपुरती माफी देण्यात येत आहे.

त्या दिवशी मला कळलं की खरं लिहिणं हा अर्धा भाग असतो. वाचणारा त्याला हवं ते वाचतो.

काशिनाथला निरोप गेला. तो आला. गेटवर उभं राहून त्यानं दोन्ही नोटिसा वाचल्या आणि आत न येता परत निघाला. वॉचमननं मला बोलावलं. मी धावत गेलो, रस्त्याच्या पलीकडे त्याला गाठलं.

"अरे, कामावर घेतलंय तुला."

"वाचलं साहेब. माफी केलीय." तो शांत होता. "बॅच चांगली होती का वाईट, तेवढं सांगा."

"चांगली होती. मी तीन वेळा मोजली."

"मग माफी कशाची?"

मी म्हटलं, शब्दांवर जाऊ नकोस, मोठ्या लोकांची लिहायची तऱ्हा असते. त्यानं ऐकून घेतलं.

"अठरा वर्षांत माझी एक केटल परत आली नाही साहेब. आता आत गेलो तर एक आली असं होतं. पुढं कधीही काही बिघडलं की म्हणतील, याला मागं एकदा माफ केलंय." मग तो जरा थांबून म्हणाला, "कार्डावर तुमचीही सही आहे. माझ्याकडे नकल आहे त्याची. मी कुणाला दाखवली नाही."

ही धमकी नव्हती. तो मला फक्त सांगत होता की अकरा दिवस आम्ही दोघं गप्प होतो, आणि दोघांच्या गप्प बसण्यात फरक होता.

मी वर गेलो. लॅबोरेटरीचा छापील फॉर्म काढला. बॅचचा नंबर घातला. कपाची मोजमापं घातली, जुनी आणि नवी. खाली मराठीत लिहिलं: ही बॅच पहिल्या दिवसापासून निर्दोष आहे, केटलमनकडून कोणतीही चूक झालेली नाही, माफीचा प्रश्न उद्भवत नाही. सही केली. खाली जाऊन स्वतःच्या हातानं दोन्ही नोटिसांच्या मधोमध पिन मारली.

अर्ध्या तासात कामतांनी बोलावलं.

"बोर्डावर नोटीस लावायचा तुम्हाला अधिकार आहे?"

"नाही."

"मग?"

"बॅच पास करायचा आहे. तीच पुन्हा पास केली."

 डायरेक्टरसाहेब फॅक्टरीच्या गेटवरचा बोर्ड वाचायला कधी येत नसत, हे कामतांनाही माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "दोन दिवस राहू दे. मग तिन्ही काढा."

काशिनाथ तिसऱ्या दिवशी सकाळी आला. तिन्ही कागद तेव्हा बोर्डावर होते. त्यानं मधला वाचला, डबा कोनाड्यात ठेवला आणि केटलकडे गेला. माझ्याशी तो त्या विषयावर पुन्हा बोलला नाही. मीही काढला नाही. मात्र त्यानंतर तो तार बघायला घेई तेव्हा एक थेंब माझ्यासाठीही काचेवर ठेवायचा. बघा म्हणायचा. मला त्यातलं काशिनाथइतकं कधीच कळलं नाही, पण मी बघायचो.

निगुडकरांनी ताग्यातलं उरलेलं कापड धोंडाबाईकडून पुन्हा धुऊन घेतलं. लावलेली खळ काढायला लावण्याच्या दुप्पट वेळ लागला, असं त्यांनी कळवलं. चित्र प्रदर्शनात लागलं. मी गेलो होतो. एक गृहस्थ बायकोला त्यातला निळा म्हणजे सह्याद्रीचा आत्मा असल्याचं समजावून सांगत होते. मी जवळ जाऊन कडा पाहिली. रंग आत गेला होता, थेट धाग्यात, चकाकी अजिबात नाही. तीस वर्षं मी तो रंग डब्यात, पत्र्यावर आणि भिंतीवर पाहत आलो, पण तसा पुन्हा पाहिला नाही. प्रदर्शनातलं एक चित्र पुढे परदेशी जायचं होतं, त्यासाठी प्रदर्शनाच्या समितीनं दुसरंच निवडलं. बिघडलेल्या तीन कापडांपैकी दोन धोंडाबाईनं मागून घेतली. त्यांतून पाणी जात नव्हतं. त्या पावसाळ्यात धनगरवाड्यावरच्या कोकरांच्या डोक्यावर ती होती, आणि दोन्ही उत्तम टिकली.

पुढे माझ्या हाताखाली तक्रारी बघायला नवीन लोक आले. त्यांना मी दोनच गोष्टी सांगत असे. रंगाची तक्रार आली की डबा उघडण्याआधी विचारा, कापड कुणी धुतलं. आणि कुणाला माफी दिल्याचा कागद समोर आला, तर त्यात गुन्हा कुठला लिहिलाय तो आधी शोधा. बऱ्याच वेळा तेवढंच लिहायचं राहून गेलेलं असतं.